बोरमाळेवरचं लाल स्टिकर

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिथं गाड्यांचे छोटे सुटे भाग बनतात आणि ते बाहेर जाण्याआधी मी त्यांच्यात खोट काढतो. म्हणजे दुसऱ्यांनी घाम गाळून केलेल्या कामातल्या चुका दाखवायचा मला पगार मिळतो. वीस वर्षं असला पगार घेतल्यावर माणसाचं जे व्हायचं ते माझंही झालं. हॉटेलात डोसा आला की मी आधी त्याची कड बघतो. लग्नात अक्षता टाकताना मांडवाचा खांब ओळंब्यात आहे का ते बघतो. बायको म्हणते, तुमच्याबरोबर बाहेर जायचं म्हणजे ऑडिट सोबत घेऊन फिरायचं. मी बरीच वर्षं ते कौतुक समजत होतो.

तर अशा या माणसानं लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला बायकोसाठी खड्याची अंगठी आणली. तिनं ती बोटात घातली, काढली, उजेडात धरली आणि आतल्या बाजूचा बारीक आकडा वाचला.

"हे साडेसातशे काय आहे हो?"

"मॉडेल नंबर असेल," मी म्हणालो.

आमच्या कंपनीत प्रत्येक वस्तूवर आकडा असतो आणि तो बहुतेक वेळा मॉडेलचाच असतो. बायकोनं फोनवर शोधलं आणि मला वाचून दाखवलं. हजार भागांत साडेसातशे भाग सोनं, म्हणजे अठरा कॅरेट. मी तर बावीस कॅरेटची आणली म्हणून छाती फुगवून सांगितलं होतं. तसाच तावातावानं दुकानात गेलो. तिथल्या मुलीनं शांतपणे माझंच बिल माझ्यापुढं धरलं. त्यावर ठळक अक्षरांत अठरा कॅरेट लिहिलं होतं आणि खाली माझी सही होती. खडा नीट धरून ठेवायला जरा कडक सोनं लागतं, म्हणून अशा अंगठीला अठराचं वापरतात, हे तुम्हाला घेतानाच सांगितलं होतं सर, असंही ती म्हणाली. सांगितलं असेल. मी तेव्हा काउंटरची काच किती मिलिमीटर जाडीची आहे याचा अंदाज घेत होतो.

दुसरा कुणी असता तर लाजून गप्प बसला असता. मी अभ्यासाला लागलो. महिनाभरात मला सोन्यावरच्या खुणा कंपनीतल्या ड्रॉइंगसारख्या पाठ झाल्या. त्रिकोणी शिक्का, त्याच्या शेजारी शुद्धता, मग सहा अक्षरं आणि आकडे मिळून झालेला एक क्रमांक, जो प्रत्येक दागिन्याचा वेगळा असतो आणि सरकारी ॲपमध्ये टाकला की दागिन्याची कुंडली निघते. ९१६ म्हणजे हजारातले नऊशे सोळा भाग सोनं, तेच बावीस कॅरेट. ७५० आता आयुष्यात विसरणार नव्हतो. कंपनीत बारीक भेगा बघायला वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग मी स्वतःसाठी विकत आणलं आणि ते शर्टाच्या खिशात ठेवायला लागलो.

चिखलीतल्या आमच्या सोसायटीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही, कारण ती मीच पसरवली होती. रविवारी सकाळी बायका बांगड्या, कानातलं, नाकातलं घेऊन आमच्या दारात यायला लागल्या. मी खिडकीशी खुर्ची टाकून बसायचो, भिंग डोळ्याला लावायचो आणि 'हं' म्हणून बराच वेळ थांबायचो. ते थांबणं मुद्दाम असायचं. मग निकाल द्यायचो. कुणाच्या जुन्या बांगडीवर 'केडीएम' असं लिहिलेलं सापडलं की मला विशेष आनंद व्हायचा, कारण ही शुद्धतेची खूण नसून जोडकामाचा जुना प्रकार आहे, हे व्याख्यान मला अर्धा तास देता यायचं. सोसायटीत माझं नाव 'हॉलमार्कवाले भाऊ' पडलं. बायको आतून चहाचे कप पाठवायची आणि प्रत्येक कपाबरोबर एक उसासा.

हे सगळं माझी आई सोफ्याच्या कोपऱ्यात बसून बघायची.

आई परभणीकडची. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. अण्णांनी सगळी उमर एका जिनिंगमध्ये कापसाच्या यंत्रावर काढली. त्या आवाजानं त्यांचे कान गेले होते. घरात त्यांच्याशी बोलायचं म्हणजे शेजारच्या दोन घरांना सांगायचं असा हिशेब होता. आईला ती सवय इतकी लागली, की अण्णा गेल्यावरही गेली नाही. रोज संध्याकाळी ती देवाला उदबत्ती लावायची, मग हॉलमधल्या अण्णांच्या फोटोला लावायची आणि फोटोला दिवसभराची हकीकत मोठ्यानं सांगायची. आज भाजीत मीठ जास्त झालं. आज लिफ्ट बंद होती. पोराला कंपनीतून यायला उशीर झाला, चाकणला ट्रॅफिक लई हाय म्हणं. वरच्या मजल्यावरच्या लोकांना सुरुवातीला वाटायचं की आमच्याकडे रोज सातच्या सुमारास भांडण होतं.

आईकडे सोन्याची म्हणावी अशी एकच मोठी वस्तू, बोरमाळ. बोराएवढे गोल मणी, मागं लाल गोंड्याचा दोरा. मी जन्मलो त्या वर्षी अण्णांनी ती केली. दोन वर्षं ओव्हरटाइम करून, कुणाला न सांगता. सणावाराला ती गळ्यात घातली की आई ही गोष्ट सांगायचीच. अण्णांनी ती रुमालात बांधून आणली, पिठाच्या डब्यात लपवली आणि आईला भाकरी करायला बसवलं. पिठात हात घातला तर हाताला रुमाल लागला. सोसायटीतल्या सगळ्या बायकांना ही गोष्ट तोंडपाठ झाली होती, तरी त्या पुन्हा विचारायच्या, कारण पिठाच्या डब्याशी आली की आई लाजायची. सत्तरीची बाई लाजताना बघायला मिळत असेल तर कोण सोडेल?

एका रविवारी सगळ्या बायका गेल्यावर आई आत गेली आणि डबी घेऊन आली.

"सगळ्यांचं बघायलास. माझं बी बघ की भिंगातून."

आता मला कळतं, की तिला तपासणी नको होती. लोकांच्या दागिन्यांना मी 'वा, चोख आहे' म्हणायचो, तेवढं तिला अण्णांच्या वस्तूबद्दल ऐकायचं होतं. हे कुठल्याही माणसाला कळलं असतं. पण मी माणूस नव्हतो, मी क्वालिटीला होतो.

मी एकेक मणी भिंगाखाली फिरवला. कुठंच शिक्का नाही, आकडा नाही, कारागिराची खूण नाही. आमच्याकडे मार्किंग नसलेला पार्ट लाइनवर सापडला की तो आधी बाजूला काढतात, विचार नंतर करतात. दागिन्यांवर शिक्का मारायची पद्धत गावाकडं पोचायच्या कितीतरी आधीची ही माळ होती, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि लक्षात येणं यांत माझ्या बाबतीत नेहमीच थोडं अंतर राहिलेलं आहे.

"शिक्का नाही, हरकत नाही," मी म्हणालो. "आपण घनता काढू."

मी तराजू काढला. दागिने तोलायचा छोटा काटा मी त्याच उत्साहात मागवून ठेवला होता. स्टीलच्या पातेल्यात पाणी घेतलं. वस्तू आधी हवेत तोलायची, मग दोऱ्यानं पाण्यात लोंबकळत ठेवून तोलायची, आणि पाण्यात वजन जेवढं घटतं त्यानं मूळ वजनाला भागायचं. सोनं जड असतं. बावीस कॅरेटची घनता साडेसतराच्या पुढं यायला हवी. पद्धत बरोबर आहे हे सिद्ध करायला मी आधी बायकोची हॉलमार्कची साखळी बुडवली. उत्तर बरोबर आलं. मी दोघींकडं विजयी मुद्रेनं पाहिलं आणि बोरमाळ पाण्यात सोडली.

उत्तर आलं पाच.

मी पुन्हा तोललं. पुन्हा पाच. काटा शून्यावर आणून तिसऱ्यांदा तोललं. पाचच.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"आई, पितळ साडेआठ असतं. लोखंडसुद्धा पावणेआठ असतं. ही पाच आहे."

"मंजी?"

"म्हणजे सोनं नाही. वरून मुलामा असेल. अण्णांना कुणीतरी गंडवलंय."

एवढ्यावर मी थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझ्या बॅगेत कंपनीच्या लाल स्टिकरांची पट्टी होती, 'रिजेक्ट' लिहिलेली. नापास मालावर आम्ही ती चिकटवतो, म्हणजे तो चुकून चांगल्या मालात जात नाही. मी त्यातलं एक काढून डबीच्या झाकणावर चिकटवलं. गंमत म्हणून. हसत हसत. बायकोनं माझ्याकडं ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मला समजायला आणखी दीड आठवडा लागला.

आईनं डबी उचलली आणि आत निघून गेली. त्या दिवशी संध्याकाळी घर फार शांत होतं. तिनं देवाला उदबत्ती लावली. फोटोला लावली नाही.

मला काही वेगळं वाटलं नाही. उलट वरच्यांना बरं वाटत असेल असंच मनात आलं. पुढच्या आठवड्यात कुणाच्या तरी डोहाळजेवणाला आई मोकळ्या गळ्यानं गेली. शेजारणीनं बोरमाळेचं विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "काय न्हाई बाई, साधी हाय ती." पिठाच्या डब्याची गोष्ट तिनं सांगितली नाही. हे मला बायकोनं सांगितलं. मग स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि म्हणाली, "तुमचा काटा बरोबर असेल. पण आई दहा दिवस एका चपातीवर आहेत. त्यांना काय वाटतंय कळतंय का? त्यांना वाटतंय, मामंजींना माहीत होतं. माहीत असून त्यांनी खोटी माळ पिठात ठेवली आणि वर गोष्ट रचली."

"असं मी कुठं म्हटलं? मी म्हटलं अण्णांना गंडवलं."

"ओव्हरटाइमचे पैसे कुठं गेले मग, असं त्या काल मला विचारत होत्या."

मी खुर्चीवर बसलो. अण्णांच्या पंचेचाळीस वर्षांच्या संसारात आईनं त्यांना न ऐकू येण्याबद्दल, विडीबद्दल, हट्टीपणाबद्दल रोज बोलून घेतलं होतं. खोटेपणाबद्दल एकदाही नाही. ती जागा मी भरून काढली होती, तीही माणूस उत्तर द्यायला उरला नसताना.

इथं मी शहाणा झालो असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. मी ठरवलं की बाहेरच्या जाणकाराकडून लेखी निकाल आणायचा, म्हणजे माझं मोजमाप बरोबर होतं हे तरी घरात कळेल. मी आईकडं माळ मागितली. तिनं डबी न देता नुसती माळ रुमालात बांधून माझ्या हातात ठेवली.

"परत आणू नको," ती म्हणाली. "मोडून टाक तिकडंच. काय दोन-चार पैसे येतील ते देवाच्या पेटीत टाक."

दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपल्यावर मी चाकणच्या जुन्या पेठेत गेलो. मागच्या बोळात एका म्हाताऱ्या सोनारकाकांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक गादी, एक दिवा आणि एक खिडकी. मी रुमाल सोडला, माळ पुढं ठेवली आणि म्हणालो, "मोडायची आहे. सोनं नाहीये, घनता पाच आलीय. फक्त तसं लिहून द्या."

काकांनी माझ्या खिशातल्या भिंगाकडं पाहिलं. मग माझ्या गळ्यातल्या कंपनीच्या कार्डाकडं.

"साहेब, तुमी विंजिनेर का?"

"क्वालिटीला आहे."

"व्हय का," ते म्हणाले, आणि त्या दोन शब्दांत माझी वीस वर्षं मावली.

त्यांनी एक मणी काळ्या कसोटीच्या दगडावर अलगद घासला. रेघ उमटली. त्यावर बाटलीतल्या तेजाबाचा एक थेंब टाकला. मी वाट बघत होतो की रेघ उडून जाईल. ती गेली नाही. मग त्यांनी बारीक सुई दिव्यावर तापवली, मण्याच्या दोरा जातो त्या भोकात घातली आणि बाहेर काढली. सुईच्या टोकाला तपकिरी, चिकट असं काहीतरी होतं. गोडसर जळका वास आला.

"ही काय हाय, वळखता?"

मी नकारार्थी मान हलवली.

"लाख. बोरमाळ आतून लाखंनं भरत्यात. समद्या बोरमाळा. तुमी पाण्यात सोनं न्हाई मोजलं साहेब, तुमी लाख मोजली."

पाच. पाच घनतेचा कुठला धातू असतो, हा साधा प्रश्न मला त्या रविवारी पडायला हवा होता. पितळ नाही, तांबं नाही, लोखंड नाही. त्यातल्या त्यात जवळ टायटॅनियम. म्हणजे माझ्या हिशेबानं, जिनिंगमधल्या कामगारानं बायकोसाठी विमानाच्या धातूची माळ करून आणली होती. आमच्याकडे नवीन आलेल्या पोरानं असलं मोजमाप दाखवलं असतं तर मी त्याला सगळ्या लाइनसमोर झापला असता.

"पण शिक्का नाही कुठं," मी अजूनही म्हणत होतो.

"शिक्का मारायचा कुठं? पत्रा बघा किती पातळ हाय. शिक्का मारला तर मणी चेपल. आन् आत लाख नसती तर आईसायबांच्या गळ्यात पयल्याच सणाला चेपला असता. ज्याला सोनं थोडंच परवडतं पर बायकूच्या गळ्यात भरलेलं दिसावं वाटतं, त्यो बोरमाळ करतो." त्यांनी माळ पुन्हा रुमालावर ठेवली. "सोनं चोख हाय. बावीसच्या जरा आत भरंल, जुन्या कामात तेवढं चालायचंच. मोडायची न्हाई. आमी न्हाई मोडणार."

त्यांनी सुई घातलेल्या भोकापाशी थोडी लाख परत दाबली, मणी कापडानं पुसला आणि माझ्याकडून एक रुपयाही घेतला नाही. लेखी निकाल मागायचं मला धैर्य झालं नाही.

चाकण ते चिखली तासाभराच्या गर्दीत मी गाडीत बसून एकच गोष्ट घोकत होतो. माझ्या अंगठीवर लिहिलेलं होतं, ते मी वाचलं नाही. अण्णांच्या माळेवर काही लिहिलेलं नव्हतं, ते मात्र मी मोठ्यानं वाचून दाखवलं. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटत होती, कारण आईला कसं सांगायचं याचा कुठलाही फॉरमॅट माझ्याकडं नव्हता.

घरी पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. आई सोफ्याच्या कोपऱ्यात होती, बायको पोळ्या लाटत होती. मी बूट न काढताच आईपुढं बसलो आणि रुमाल तिच्या मांडीवर ठेवला.

"आई, सोनं आहे. चोख आहे. आत लाख भरलेली असते, म्हणून माझा हिशेब चुकला. माझंच चुकलं. अण्णांनी काहीही खोटं केलेलं नव्हतं."

आईनं रुमाल सोडला. एकेक मणी बोटानं चाचपून बघितला, जणू त्यातले काही कमी झाले असतील. तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता ती मला जवळ घेईल. मी थोडा पुढंही सरकलो.

"मला काय सांगायलास?" ती म्हणाली. "त्यांना सांग."

मी उठलो. फोटोसमोर गेलो. हात जोडले आणि तेव्हा मला ते दिसलं. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यात, हाराच्या आड, डबीवरचं लाल स्टिकर चिकटवलेलं होतं. आईला इंग्रजी वाचता येत नाही. पण लाल स्टिकर कशावर लावतात, हे तिला मीच अभिमानानं कितीदा सांगितलं होतं.

"मीच लावलं, डबीवरनं लगीच सोलून," मागून आई म्हणाली. "त्या दिशी लई राग आल्ता. लई बोलले मनातल्या मनात. तू काढ आता ते."

मी नखानं खरवडायला लागलो. आमच्या कंपनीची स्टिकरं तेलात बुडवली तरी निघू नयेत अशीच बनवलेली असतात, आणि ती तशी आहेत की नाहीत हेही मीच तपासून पास केलेलं आहे. कागद तुकड्या-तुकड्यानं निघाला. गोंद तसाच राहिला. बायकोनं आतून खोबरेल तेलाची वाटी आणून दिली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. आई हळूहळू उठून तिसरी उभी राहिली. तिनं माळ गळ्यात घातली होती आणि हातात पेटलेली उदबत्ती होती.

"अण्णा," मी म्हणालो, "माझं चुकलं."

"मोठ्यानं," आई म्हणाली. "तसं ऐकू येतं का त्यांना?"

"अण्णा, माझं चुकलं!"

"अजून मोठ्यानं. आन् माझं बी सांग. म्हणावं, तिचं बी चुकलं."